गाळलेल्या जागांच्या बाई

बाई कोंबड्यांशी इंग्रजीत बोलायच्या आणि माणसांशी मराठीत. मराठीही कशी, तर नेवाशाकडच्या खेड्यातली, ‘लई’ आणि ‘न्हाई’ असलेली. पण अंगणात दाणे टाकताना त्यांचं इंग्रजी असं काही झुळझुळत निघायचं की रस्त्यानं जाणारा सायकलवाला पाय टेकून ऐकत उभा राही. पहिल्याच दिवशी मी धीर करून विचारलं, “बाई, कोंबड्यांना इंग्रजी कळतं?”

“न्हाई कळत,” बाई म्हणाल्या. “पन मला कुनासंगं तरी बोलाया पायजे का न्हाई? तू शिकलीस की तुझ्यासंगं बोलंन.”

श्रीरामपूरला रेल्वेच्या रुळांपलीकडे त्यांचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. पुढे ओसरी, अंगण, लाकडी फाटक. लहानपणी त्या मिशनच्या बोर्डिंगात वाढल्या, तिथल्या मडमेकडून इंग्रजी शिकल्या आणि मग जन्मभर मुलींच्या शाळेत तेच शिकवत राहिल्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम धरलं. मॅट्रिकला इंग्रजीत नापास झालेल्या बायकांना दुपारी तीन वाजता ओसरीवर बसवायचं आणि गाळलेल्या जागा भरायला शिकवायचं. बाकी काही नाही. “निबंध पाठ करता येतो, पत्र पाठ करता येतं,” त्या म्हणत. “शब्दयोगी अव्यय आन् क्रियापद पाठ व्हत न्हाई. ते अंगात मुरावं लागतं.” गाव त्यांना ‘गाळलेल्या जागांच्या बाई’ म्हणे. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांना ते आवडायचंही.

मी दोनदा नापास झाले होते. दोन्ही वेळा फक्त इंग्रजीत. त्यानंतर लग्न झालं. नवरा साखर कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर होता. तो म्हणाला, “पुन्हा बस परीक्षेला. पास झालीस तर नगरला मास्तरकीच्या कोर्सला जा.” सासरे नव्हते, घरात सासूबाईंचा शब्द चाले. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “परीक्षेला बसू दे. पन शिकायला एकली जायची न्हाई, मी संगं जाईन. आन् नगरचं नाव काढायचं न्हाई. सून घरात पायजे.”

म्हणून रोज दुपारी आम्ही दोघी रूळ ओलांडून जायचो. माझ्या हातात वही, त्यांच्या हातात मेथीची नाहीतर गवारीची पिशवी. मी आणि इतर तिघीचौघी सतरंजीवर बसायचो. सासूबाई खांबाला टेकून भाजी निवडायच्या. त्या आयुष्यात कधी शाळेत गेल्या नव्हत्या.

पहिला धडा पुस्तकातला नव्हताच. बाईंनी मला उंबऱ्याबाहेर उभं केलं.

“आत ये.”

मी एक पाय उचलला.

“थांब! आता आत हायेस का?”

“नाही. येतेय.”

“मग इंटू. पाय उचललेला हाय तवर इंटू. दोन्ही पाय आत टेकले की इन. आता बाहेर जा. परत ये.”

मी गेले आणि आले. पुन्हा गेले आणि पुन्हा आले. प्रत्येक खेपेला मोठ्यानं ‘इंटू’ आणि ‘इन’ म्हणायचं. पंधरावी-सोळावी खेप असेल. सासूबाईंनी मेथीवरून मान वर केली. “अगं, नव्या नवरीगत किती येळा आत येशील? तवा तर एकदाच आलीस.”

ओसरी हसली, मीही हसले. सासूबाईंनी केलेल्या थट्टेवर मी हसण्याची ती पहिलीच वेळ होती.

बाई कधी ‘चूक’ म्हणत नसत. उत्तर चुकलं की नाकावरचा चष्मा काढून मांडीवर ठेवत. “मला आता दिसत न्हाई. तू नीट कर, मग घालते.” आणि खरंच रुळांकडे तोंड करून बसून राहत, जोवर आपण शब्द खोडून दुसरा लिहीत नाही तोवर. एकदा आमच्यातल्या एकीनं लागोपाठ पाच चुका केल्या. बाई तशाच बिनचष्म्याच्या उठल्या, पाणी प्यायला आत गेल्या आणि दारावर आपटल्या. कपाळाला टेंगूळ आलं. तरी चष्मा घातला नाही. ती बिचारी घाईघाईनं सहावं उत्तर बरोबर देऊन मोकळी झाली.

गाइड त्यांना खपत नसे. मी पहिल्या दिवशी नेलेलं गाइड त्यांनी उघडलं आणि पहिलंच वाक्य वाचलं: ‘राम इज फाँड गाळलेली जागा मँगोज.’

“कोन राम?” बाईंनी विचारलं.

मी काय सांगणार?

“त्याला आंबे आवडत्यात हे तुला ठाव हाय का? त्याला इचारलंस का? मग त्याची जागा तू कशाला भरतीस?”

गाइड कोंबड्यांच्या खुराड्यावर गेलं आणि तिथंच राहिलं. त्यांचा नियम असा की रोज प्रत्येकीनं घरून तीन वाक्यं आणायची. वाक्यं खरी हवीत, आपल्या घरात, आपल्या माणसांत घडलेली. त्यात आपणच जागा गाळायची आणि बाईंसमोर भरायची. “खोटं वाक्य ध्यानात ऱ्हात न्हाई,” त्या म्हणत. “खरं वाक्य मेलं तरी जात न्हाई.”

या नियमानं मी एकदा चांगलीच सापडले. आदल्या दिवशी सासूबाई मला फार बोलल्या होत्या. रागाच्या भरात मी वाक्य लिहिलं, ‘माझी सासू माझ्यावर रागावली आहे,’ आणि इंग्रजीत ‘वर’ म्हणून ‘ऑन’ घातलं. ‘अँग्री ऑन मी.’

बाईंनी वाचलं. चष्मा काढला. “मराठीत राग मान्सावर पडतो, छपरावरनं कौल पडावं तसा. इंग्रजीत तो मान्सासंगं असतो. अँग्री विथ. दोघं एकाच सतरंजीवर बसल्यात, मधी राग हाय.”

“काय लिवलंय तिनं?” खांबापाशी बसलेल्या सासूबाईंनी विचारलं.

मी बाईंकडे पाहिलं. डोळ्यांनी विनवलं. पण बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. “तुमी तिच्यासंगं रागावलाय, असं लिवलंय.”

सासूबाईंच्या हातातली गवारीची शेंग तशीच राहिली. मग त्या म्हणाल्या, “कशापायी रागावले ते लिवलंय का?”

“न्हाई.”

“मग अर्धंच लिवलंय की. शेरभर दूध उतू घालवलं हिनं. चुलीम्होरं बसून वही वाचत हुती. ते बी लिव म्हनावं.”

“बघ,” बाई खूश होऊन मला म्हणाल्या, “वाक्य वाढलं. आता सांग, दूध कधी उतू गेलं?”

“काल.”

“काल आला की क्रियापदानं मान मागं वळवायची. लिव.”

मी लिहिलं. पहिल्या वाक्यात सासूचा राग होता, दुसऱ्यात माझी चूक होती, आणि दोन्ही क्रियापदं आपापल्या काळात नीट बसली. बाईंनी चष्मा घातला. परतताना रूळ ओलांडल्यावर सासूबाई म्हणाल्या, “दूध तापत असंल तवा मला हाक मारीत जा. मी बघंन. तू वाच.”

त्या दिवसापासून त्या भाजी निवडता निवडता कान देऊ लागल्या. मला ते फार उशिरा कळलं. सिन्स आणि फॉर यांत मी हमखास चुकायची. मराठीत ‘पाच वर्षांपासून’ म्हणतात, म्हणून मी दर वेळी ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ लिहायची. बाईंनी अंगणातली शेळी दाखवली. “ती खुंटी बघ. शेळी जिथनं बांधलीय ती जागा. ती सिन्स. सोमवारपासनं, सकाळपासनं, लगीन झाल्यापासनं. आन् दोरी बघ, किती लांब हाय ती. ते फॉर. पाच दिस, दोन तास, धा वर्सं. खुंटीला लांबी नसती आन् दोरीला जागा नसती.”

आठवड्यानं बाईंनी मला अचानक विचारलं, “‘मी चार महिने येतेय.’ चार महिने, काय लावशील?”

मी अडखळले. तोंडात ‘सिन्स’ आलंच होतं.

“फॉर!” खांबाकडून आवाज आला. “चार म्हैनं म्हंजी दोरी हाय ती!”

आम्ही सगळ्या वळून बघायला लागलो. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. “बसून बसून कानावर पडतंय,” त्या पुटपुटल्या. बाई उठल्या, खांबापाशी गेल्या आणि आजवर आमच्यापैकी कुणालाच जे दिलं नव्हतं ते त्यांनी सासूबाईंना दिलं. स्वतःच्या हातानं केलेला चहा.

आता मला जे सांगायचं आहे ते बाईंच्या चुकीबद्दल. ते सांगताना मला अजून थोडं जड जातं.

एका जुन्या प्रश्नपत्रिकेत ‘काँग्रॅच्युलेट’ या क्रियापदाची गाळलेली जागा होती. अभिनंदन करायचं, परीक्षा पास झाल्याबद्दल. बाईंनी शिकवल्याप्रमाणे मी ‘फॉर’ भरलं. बाईंनी मान हलवली. पण नवऱ्यानं मला गावच्या वाचनालयात नेलं होतं तेव्हा तिथला जाडा शब्दकोश मी सहज चाळला, आणि त्यात त्या क्रियापदाशेजारी ‘ऑन’ होतं. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा बोट ठेवून पाहिलं. ऑन.

दोन दिवस मी कुणाला बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच विचारलं, “काय झालंय? जेवान जात न्हाई तुला.” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग सांग की त्येंना. बाई काय देव हायेत? आन् न सांगून तू पेपरात काय लिवशील?”

मी सांगितलं. सगळ्यांसमोर नाही, वर्ग सुटल्यावर. बाईंनी ऐकलं. चष्मा काढला. पण या वेळी तो मांडीवर ठेवला नाही, घडी घालून फडताळात ठेवला. कोनाड्यातली छत्री घेतली आणि तशाच, बिनचष्म्याच्या, वाचनालयाकडे चालायला लागल्या. आम्ही दोघी मागं. तिथल्या माणसाला त्यांनी शब्दकोश काढायला लावला आणि मला म्हणाल्या, “मोठ्यानं वाच.” मी वाचलं. “परत वाच.” मी परत वाचलं.

“मडमेनं मला फॉर शिकवलं हुतं का मीच चुकीचं ऐकलं, देव जाने,” बाई म्हणाल्या. “पन पोरींना तर मीच शिकवलं. एकतीस वर्सं.”

“असू द्या बाई, एकच तर शब्द,” सासूबाई म्हणाल्या.

“एक शब्द न्हाई, आक्का. एकतीस वर्सांच्या पोरी.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतून जुन्या वह्या काढल्या. जिला जिला शिकवलं तिचं नाव, गाव, पुढं कुठं दिली ते, सगळं त्यात होतं. पोस्टकार्डांचा गठ्ठा आला. वर्ग आठवडाभर बंद. आम्ही सगळ्या पत्ते लिहायचो आणि मजकूर बाई स्वतः लिहायच्या. प्रत्येक कार्डावर तेच: मी तुला अमुक क्रियापदापुढं ‘फॉर’ शिकवलं होतं. ते ‘ऑन’ आहे. वहीत दुरुस्त कर. चूक माझी आहे.

गावातल्या मुलींना त्यांनी कार्ड पाठवलं नाही, स्वतः जाऊन सांगितलं. एक नर्स झालेली होती. तिला दवाखान्याच्या व्हरांड्यात गाठलं. एक मंडईत फळं विकायची, तिच्या पाटीपुढं उभं राहून सांगितलं, “ऑन! फॉर न्हाई, ऑन!” गिऱ्हाइकं बघत राहिली. ती बाई हातातलं सीताफळ तसंच धरून म्हणाली, “बरं बाई. ऑन.” गावात दोन दिवस बाईंचं डोकं फिरल्याची बोलवा होती. बाईंनी ती ऐकली आणि पुढच्या घरी गेल्या.

मग उत्तरं यायला लागली. रोज दोन, रोज चार. कुणी मुंबईत होती, कुणी सोलापूरला. कुणी लिहिलं होतं, बाई, वही कधीच गेली, पण तुमचा चष्मा आठवतो. एक कार्ड ‘मालक मयत’ असा पोस्टाचा शेरा घेऊन परत आलं; जिला पाठवलं होतं तीच आता नव्हती. बाईंनी जुन्या वहीत तिचं नाव शोधलं आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘ऑन’ लिहिलं. त्या दिवशी कोंबड्यांशीही बोलल्या नाहीत.

राजूरहून आलेलं एक पत्र मात्र लांबलचक होतं. ती भंडारदऱ्याच्या बाजूला डोंगरातल्या एका वाडीवर शिक्षिका होती. तिनं लिहिलं होतं, ‘बाई, मी इतक्या वर्षांत कुणाचं इंग्रजीत अभिनंदन केलेलं नाही, तेव्हा तुमची चूक माझ्याकडे न वापरता पडून होती. काळजी करू नका. इथं पावसाळ्यात ओढा भरला की शाळेला सुट्टी देत नाही, मुलांचे बाप मला पाठीवर घेऊन ओढा पार करतात.’

ते पत्र मी मोठ्यानं वाचलं. सासूबाईंच्या मांडीवर भाजी तशीच होती. “परत वाच,” त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं.

“ती एकलीच ऱ्हाती व्हय तिथं?”

“एकली कशी?” बाई म्हणाल्या. “पन्नास पोरं हायेत की.”

“आन् सासू?”

“ते लिवलं न्हाई.”

घरी आल्यावर सासूबाईंनी चूल पेटवली, पीठ मळलं, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “नगर किती लांब हाय गं?”

“एस.टी.नं दोन-अडीच तास.”

“रोज गाडी असती का?”

“असते, आत्या. बऱ्याच असतात.”

“मग काय लई लांब न्हाई,” त्या म्हणाल्या आणि तव्यावर भाकरी टाकली. पुढं तीस वर्षं मी शिकवलं. त्या सगळ्याची परवानगी मला त्या एवढ्या वाक्यात मिळाली.

परीक्षेला जाताना बाईंनी एकच सांगितलं. “रिकाम्या जागेकडं बघत बसू नको. ती रिकामी हाय, ती काय सांगनार? तिच्या शेजारच्या क्रियापदाला इचार.” पेपरात दहा जागा होत्या. मी प्रत्येक क्रियापदाला विचारलं. नऊ जणांनी उत्तर दिलं. दहावं काही केल्या बोलेना, तेव्हा डोळे मिटून उंबरा आठवला आणि एक पाय उचलला.

निकालाच्या दिवशी नवरा वर्तमानपत्र घेऊन घरापर्यंत आलाच नाही. रुळांपाशीच ओरडला. नंबर होता. सासूबाईंनी मला नंबरावर बोट ठेवायला लावलं, मग स्वतःचं बोट ठेवलं. आम्ही तिघं तसेच बाईंकडे गेलो. बाईंनी वर्तमानपत्राकडे बघितलंही नाही. “पास व्हनारच हुतीस. पेपरात कंची जागा अडली हुती? बस. सोडवू.”

आम्ही ती सोडवली. माझं उत्तर बरोबर होतं. तेव्हा कुठं बाई उठून आत गेल्या आणि आल्या त्या इंग्रजीत बोलतच. माझ्याशी. निम्मं मला समजलं, निम्मं नाही. मी उत्तर दिलं तेही मोडकं. पण कोंबड्या अंगणात होत्या आणि बाई त्यांच्याकडे पाठ करून माझ्याशी बोलत होत्या.

निघताना सासूबाई ओसरीवर रेंगाळल्या. “आता हिचं झालं,” त्या म्हणाल्या. “उद्यापासनं मला यायला कारन न्हाई.”

“कारन कशाला पायजे?” बाई म्हणाल्या.

“मला वाचाया येत न्हाई, बाई. माझं नाव बी लिवता येत न्हाई.”

“मग आदी ते.”

सासूबाई हसल्या. काय थट्टा लावलीय या वयात, असं म्हणाल्या. बाई हसल्या नाहीत.

जून सरता सरता मी नगरला निघाले. पत्र्याची ट्रंक, वळकटी, डब्यात भाकरी आणि तिळाची चटणी. स्टँडवर नवरा आणि सासूबाई होत्या. बाई येणार नव्हत्या. तीनला वर्ग होता. गाडी उशिरा लागली. सासूबाई दर थोड्या वेळानं कुणाला तरी विचारत होत्या, “किती वाजलं हो?” मला वाटलं, माझी गाडी चुकेल म्हणून त्यांचा जीव खालीवर होतोय.

गाडी लागली, मी खिडकीशी बसले. सासूबाईंनी खिडकीतून हात घालून माझ्या गालावरून फिरवला. मग पदर खोचला.

“मी निगते.”

“आई, गाडी तर सुटू दे,” नवरा म्हणाला.

“गाडी काय, सुटंल की. तिला डायव्हर हाय.” त्यांनी काखेतली पिशवी सावरली. आज तिच्यात भाजी नव्हती. पाटीची लाकडी चौकट बाहेर डोकावत होती. “माझी येळ झाली.”

आणि त्या भराभर चालत रुळांच्या दिशेनं गेल्या. गाडी हलली, स्टँडच्या फाटकातून वळली, तेव्हा मला त्या पुन्हा एकदा दिसल्या. पंचेचाळिशीतली बाई, एका हातानं पिशवी आणि दुसऱ्यानं नऊवारीचा ओचा धरून, जवळजवळ पळत होती. मी खिडकीतून हात केला. त्यांनी मागं बघितलं नाही.